वीस पौंडांचा चषक : फुटबॉल असोसिएशनच्या चषक-स्पर्धेचे पहिले वर्ष, १८७१-७२

२० जुलै १८७१ रोजी लंडनमधील ‘द स्पोर्ट्समन’ या क्रीडावृत्तपत्राच्या कचेरीत एका मेजाभोवती सात गृहस्थ जमले होते. त्यांची नावे प्रारंभीच सांगून टाकतो, कारण या वृत्तांताच्या अखेरीस त्यांपैकी पाचजण पुन्हा एकदा, परंतु निराळ्या वेषात आणि निराळ्या भूमिकांत, एकाच मैदानावर आपणांस भेटावयाचे आहेत : फुटबॉल असोसिएशनचे मानद चिटणीस चार्ल्स विल्यम अल्कॉक, अप्टन पार्क क्लबचे आल्फ्रेड स्टेअर, वेस्टमिन्स्टर शाळेचे स्टीफनसन, सिव्हिल सर्व्हिस क्लबचे गिफर्ड, क्रिस्टल पॅलेसचे ऑलपोर्ट, हॅरोच्या वतीने आलेले मॉर्टन पेटो बेट्स आणि रॉयल एंजिनिअर्स या लष्करी पथकाचे कॅप्टन फ्रान्सिस मॅरिंडिन. असोसिएशनशी संलग्न असलेल्या सर्व क्लबांना ज्यात भाग घेता येईल असा एक आव्हान-चषक स्थापन करणे इष्ट आहे, एवढ्याच आशयाचा ठराव अल्कॉक यांनी मांडला. तो मंजूर झाला आणि सभा संपली. ज्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यासाठी पुढे लक्षावधी माणसे जीव टाकू लागली, तिच्या जन्माची कैफियत एवढीच आहे.

प्रस्तुत स्मरणिकेच्या संपादक मंडळाने हा वृत्तांत लिहिण्याचे काम मजकडे सोपविले, त्याचे कारण उघड आहे. जिंकेल तो पुढे आणि हरेल तो बाद, ही जी रीत आज मुंबईच्या कूपरेजपासून तालुक्याच्या मैदानापर्यंत सर्वत्र इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिला कोणी जन्म दिला असेल असे मनातही येऊ नये, तिचे राष्ट्रीय प्रमाणावरील पहिले दफ्तर त्या वर्षाचे आहे. ‘राष्ट्रीय’ हे विशेषण मी जाणूनबुजून योजिले. कारण निव्वळ चषकाचाच प्रश्न असेल तर शेफील्ड नगरीत नाट्यगृहाचे मालक टॉमस यूडन यांनी दिलेला चषक १८६७ सालीच खेळला जाऊन हॅलम क्लबने तो जिंकलेला होता, आणि ज्याचे श्रेय त्यास देणे हा इतिहासलेखकाचा पहिला धर्म होय.

असोसिएशन तोवर आठ वर्षांची झाली होती, परंतु तिची प्रकृती तोळामासाच होती. २६ ऑक्टोबर १८६३ रोजी ग्रेट क्वीन स्ट्रीटवरील फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये ती स्थापन झाली ती एका साध्या अडचणीतून. आपल्याकडे हुतुतूचे नियम जसे गावागणिक पालटत, तसे तिकडे फुटबॉलचे नियम शाळेगणिक पालटत असत. एका शाळेत चेंडू हाती घेऊन धावणे हा पराक्रम, तर दुसरीत तोच अपराध. आणि अशा भिन्न शाळांतून बाहेर पडलेले तरुण शहरात एकत्र खेळू लागले म्हणजे खेळापेक्षा तंटाच अधिक होई. एबेनेझर कॉब मोर्ले या गृहस्थांनी पुढाकार घेऊन सर्वांना मान्य होईल असा मसुदा तयार केला खरा, परंतु प्रतिपक्षाच्या नडगीवर लाथ मारण्याची मुभा असावी की नसावी या मुद्द्यावर सभा फुटली आणि ब्लॅकहीथ क्लब बाहेर पडला. नडगीवर लाथ मारणे हा पुरुषार्थ असून तो काढून टाकल्यास खेळात तेज उरणार नाही, असे प्रामाणिकपणे मानणारी शहाणी माणसे त्या सभेत होती ही गोष्ट, आजच्या नियमांना सनातन समजणाऱ्यांनी ध्यानी धरण्यासारखी आहे. पुढे जानेवारी १८७१ मध्ये या दुसऱ्या पंथाच्या लोकांनी चेरिंग क्रॉसजवळच्या पॉल मॉल रेस्टॉरंटमध्ये जमून आपली स्वतंत्र रग्बी फुटबॉल युनियन स्थापिली. असोसिएशनजवळ नियम होते, पन्नासेक सभासद क्लब होते, चिटणीस होता. परंतु त्या सर्वांनी मिळून करावयाचे असे काही काम मात्र नव्हते. क्लब आपापसांत पत्रव्यवहार करून सामने ठरवीत, खेळत आणि विसरत.

ते काम अल्कॉक यांनी शोधून काढले. संस्थेच्या इतिहासात अध्यक्षांच्या तसबिरी भिंतीवर लागतात आणि चिटणीसाचे नाव इतिवृत्ताच्या तळाशी सहीपुरते उरते, हा अनुभव आपल्याकडील मंडळांनाही नवा नाही. म्हणून या गृहस्थाविषयी दोन शब्द अधिक लिहिले तर वाचक राग मानणार नाहीत. १८४२ साली संडरलंड येथे जन्मलेला हा मनुष्य हॅरो शाळेत शिकला. थोरल्या भावासह त्याने एपिंगच्या अरण्यालगत ‘फॉरेस्ट’ नावाचा क्लब काढला आणि त्यातूनच पुढे ‘वाँडरर्स’ हा क्लब निघाला, ज्याला स्वतःचे मैदान नसल्याने ‘भटके’ हे नाव सर्वार्थाने शोभून दिसे. व्यवसायाने तो क्रीडावृत्तांत लिहिणारा पत्रकार. १८७० पासून असोसिएशनचा चिटणीस. आणि १८७२ पासून सरे परगण्याच्या क्रिकेट क्लबाचाही चिटणीस, म्हणजेच केनिंग्टन ओव्हल या विख्यात मैदानाचा एका अर्थी कारभारी. इंग्लंडच्या भूमीवर खेळला गेलेला पहिला क्रिकेट-कसोटी सामना १८८० साली त्याच ओव्हलवर याच मनुष्याच्या खटपटीने घडून आला. चषकाची कल्पना मात्र त्याने शाळेतूनच उचलली. हॅरोमध्ये निरनिराळ्या छात्रगृहांचे संघ परस्परांशी खेळत, हरणारे छात्रगृह बाजूला होई, आणि शेवटी जे उरे त्याला वर्षभर ‘कॉक हाउस’ म्हणून मिरविता येई. मुलांच्या वसतिगृहांतील ही चुरस उचलून तिच्यात देशातील क्लब बसविले की झाली चषक-स्पर्धा. युक्ती इतकी सोपी होती की ती आठ वर्षे कोणास सुचली नाही.

१६ ऑक्टोबर रोजी नियमांचा मसुदा कायम झाला. संघात अकरा खेळाडू, सामन्याची मुदत दीड तास, एका मोसमात एका खेळाडूने एकाच स्पर्धक क्लबाकडून खेळावे, उपांत्य व अंतिम सामने लंडनमध्ये व्हावेत, ही कलमे आजच्या वाचकास परिचितच वाटतील. तीन कलमे मात्र लक्षपूर्वक वाचावीत अशी होती. सामना बरोबरीत सुटल्यास तो पुन्हा खेळवावा की दोन्ही संघांना पुढील फेरीत प्रवेश द्यावा, हे समितीच्या मर्जीवर सोडले होते. जो संघ चषक जिंकील त्याने पुढील वर्षी खेळण्याची तसदी घेऊ नये. इतरांनी आपसांत झगडून एक आव्हानवीर निवडावा व त्याने मानकऱ्याशी एकच सामना खेळावा, अशी दुसरी तजवीज होती. आणि लागोपाठ तीन वर्षे जो चषक राखील त्याच्या घरी तो कायमचा जावा, अशी तिसरी. पहिल्या कलमाने या वर्षी केवढे रामायण घडविले ते पुढे येईलच.

चषक मार्टिन हॉल आणि कंपनी या चांदीकाम करणाऱ्या पेढीकडून घडवून घेतला गेला. किंमत वीस पौंड, उंची सुमारे अठरा इंच, झाकणावर चेंडू खेळणाऱ्या गड्याची एक लहानशी आकृती. लोक पुढे त्याला लाडाने ‘पत्र्याची मूर्ती’ म्हणू लागले. या वीस पौंडांसाठी क्लबांकडून वर्गणी गोळा झाली, आणि तीत ग्लासगोच्या क्वीन्स पार्क क्लबाची एक गिनी होती. वर्षाकाठी मोजके पौंडच ज्याच्या तिजोरीत पडत अशा, चारशे मैलांवरच्या या क्लबाने ती गिनी पाठवावी, आणि पाठवून वर स्पर्धेतही नाव घालावे, हे वाचताना मला नेहमी असे वाटते की चषकाच्या चांदीत त्या गिनीचे वजन इतर सर्व वर्गण्यांहून भारी असले पाहिजे.

पन्नास क्लबांपैकी नावे आली पंधरांची. बार्न्स, सिव्हिल सर्व्हिस, क्लॅपम रोव्हर्स, क्रिस्टल पॅलेस, हॅम्पस्टेड हीदन्स, हॅरो चेकर्स, अप्टन पार्क, वाँडरर्स ही बहुतेक लंडनच्या परिसरातली मंडळी; हिचिन, मेडनहेड, मार्लो आणि रायगेट प्रायरी ही जवळपासच्या गावांची; चॅटमच्या छावणीतून रॉयल एंजिनिअर्स; आणि उत्तरेकडून दोनच नावे, लिंकनशरमधील डॉनिंग्टन ही शाळा व उपरोक्त क्वीन्स पार्क. शेफील्डसारख्या, जेथे फुटबॉल लंडनच्या आधीपासून नांदत होता अशा, नगरीतून कोणीच आले नाही. त्यांचे नियम त्यांना पुरे होते. पहिल्या ‘राष्ट्रीय’ स्पर्धेची ही व्याप्ती पाहून कोणास हसू आले तर ते त्याने दाबून धरावे, कारण आपल्या ‘अखिल भारतीय’ परिषदांच्या पहिल्या अधिवेशनांच्या हजेरीपटांची तपासणी अजून बाकी आहे.

११ नोव्हेंबर १८७१, शनिवार. वेस्ट हॅम पार्कवर क्लॅपम रोव्हर्सने अप्टन पार्कचा तीन गोलांनी पराभव केला आणि त्यांतला पहिला गोल जार्विस केन्रिक या तरुणाने केला. चषकाच्या इतिहासातील आद्य गोल म्हणून त्याचे नाव दफ्तरात कायम झाले. त्याच दिवशी मेडनहेडने मार्लोला २-० असे हरविले, आणि बार्न्सने सिव्हिल सर्व्हिसला तितक्याच फरकाने. परंतु सिव्हिल सर्व्हिसचे आठच गडी मैदानावर आले होते, उरलेल्या तिघांचा पत्ता नव्हता. सरकारी कारकुनांची गैरहजेरी हा विषय कोणत्या देशात नाही? हिचिन आणि क्रिस्टल पॅलेस यांचा सामना ०-० असा सुटला, तेव्हा समितीने मर्जीचे कलम काढून दोघांनाही पुढे पाठविले. हॅरो चेकर्सने वाँडरर्सविरुद्ध आणि रायगेट प्रायरीने एंजिनिअर्सविरुद्ध खेळण्याचे नाकारून माघार घेतली. क्वीन्स पार्क व डॉनिंग्टन यांची गाठ चिठ्ठीत एकमेकांशी पडली होती, परंतु ग्लासगोहून लिंकनशरला कोणी कधी यावे हे न जुळल्याने त्या दोघांनाही न खेळता पुढे चाल मिळाली. दुसऱ्या फेरीत त्यांनाच पुन्हा समोरासमोर ठेवण्यात आले, तेव्हा डॉनिंग्टनच्या मुलांनी अंग काढून घेतले. शाळकरी पोरांपाशी रेल्वेचे भाडे कोठून असणार!

त्या सामन्यांचे स्वरूप आजच्या प्रेक्षकाला चटकन ओळखू येणार नाही. गोलाच्या दोन खांबांवर आडवी दांडी नव्हती, फीत ताणलेली असे. मागे जाळे नव्हते, ते यावयास आणखी वीस वर्षे होती. दंड म्हणून मिळणारी पेनल्टी किक कोणाच्या स्वप्नातही नव्हती, कारण सभ्य गृहस्थ जाणूनबुजून आगळीक करीलच कशाला अशी समजूत होती. गोल झाला की दोन्ही बाजू मैदानाची टोके बदलीत. अकरांपैकी सात-आठ गडी आघाडीला असत, आणि ज्याच्या पायी चेंडू येई तो मान खाली घालून गर्दीतून वाट काढीत निघे. सोबती त्याच्या पाठोपाठ धावत, ते चेंडू मागण्यासाठी नव्हे, तर त्याच्या पायातून सुटला तर उचलण्यासाठी. चेंडू दुसऱ्याला देणे हे काहीसे कमीपणाचे मानले जाई.

दुसऱ्या फेरीत वाँडरर्सने क्लॅपम रोव्हर्सला १-० असे हरविले. हा त्या मोसमातील त्यांचा पहिला खेळलेला सामना. एंजिनिअर्सने हिचिनवर पाच गोल चढविले, पॅलेसने मेडनहेडवर तीन, आणि बार्न्स व हीदन्स यांच्यातील बरोबरीचा सामना मात्र समितीने पुन्हा खेळविला व तो हीदन्सनी जिंकला. एके ठिकाणी दोघांना पुढे सोडावयाचे आणि दुसऱ्या ठिकाणी पुन्हा खेळवावयाचे, हा न्याय कोणत्या तराजूने तोलला गेला, तर संघांची संख्या पुढच्या फेरीत जुळते की नाही या तराजूने, असे मला वाटते. आणि नवजात संस्थेला एवढी लवचिकता क्षम्य मानली पाहिजे. तिसऱ्या फेरीत एंजिनिअर्सने हीदन्सना तीन गोलांनी घरी पाठविले. वाँडरर्स व पॅलेस यांचा २० जानेवारीचा सामना गोलाविना बरोबरीत सुटला आणि समितीने दोघांनाही उपांत्य फेरीत प्रवेश दिला. क्वीन्स पार्कला पुन्हा पुढे चाल मिळाली. अशा रीतीने एकदाही चेंडूला पाय न लावता हा क्लब राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चौघांत येऊन बसला.

आता त्यांना लंडनला येणे भाग होते. प्रवासखर्चासाठी ग्लासगोमध्ये लोकांकडून वर्गणी काढण्यात आली, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात स्कॉटलंडचा हा संघ ओव्हलवर वाँडरर्ससमोर उभा राहिला. इंग्लिश गडी आपल्या पद्धतीप्रमाणे एकेकटे चेंडू घेऊन निघत. स्कॉच गडी तो एकमेकांकडे देत खेळले. दीड तासात कोणीही गोल करू शकला नाही. येथे समितीची मर्जी निरुपयोगी होती, कारण अंतिम सामन्यात तीन संघ कसे मावणार? सामना पुन्हा खेळणे प्राप्त होते. आणि लंडनमध्ये मुक्काम वाढविण्यास किंवा घरी जाऊन पुन्हा येण्यास क्वीन्स पार्कजवळ पैसे नव्हते. त्यांनी माघार घेतली. वाँडरर्स अंतिम फेरीत गेले.

कोणी कपट केले असे मला म्हणावयाचे नाही. नियम सर्वांना सारखा होता, लंडनमध्येच उपांत्य सामने व्हावेत हे कलम सर्वांनी मान्य केलेले होते, आणि एंजिनिअर्स व पॅलेस यांचाही १७ फेब्रुवारीचा सामना बरोबरीत सुटल्यावर तो ९ मार्चला पुन्हा खेळवून एंजिनिअर्सनी ३-० असा जिंकलाच होता. परंतु चॅटमहून ओव्हलला येणे निराळे आणि ग्लासगोहून येणे निराळे. त्या वर्षी ज्या बरोबरीने पॅलेसला बक्षीस मिळाले तिनेच क्वीन्स पार्कला शिक्षा झाली, एवढे दफ्तराने नोंदवून ठेवावे. त्याच सालच्या ३० नोव्हेंबरला ग्लासगोजवळ पार्टिक येथे स्कॉटलंड व इंग्लंड यांच्यामध्ये जो पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, त्यात स्कॉटलंडचे अकराच्या अकरा गडी क्वीन्स पार्कचे होते आणि तोही ०-० असाच सुटला.

अंतिम सामना शनिवार १६ मार्च १८७२ रोजी ओव्हलवर ठरला. एंजिनिअर्सकडे पारडे झुकलेले आहे असा सर्वांचा अदमास होता आणि तो निराधार नव्हता. हे चॅटमचे लष्करी एंजिनिअर एकत्र राहात, एकत्र कवायत करीत व एकत्र खेळत. इंग्लिश संघांमध्ये परस्परांना चेंडू देत संगनमताने पुढे जाण्याची कला प्रथम त्यांनीच अंगी बाणविली. आपल्या पुण्याच्या वाचकांना हे लोक अगदीच परके वाटू नयेत, कारण ज्यांना आपल्याकडे ‘सफरमैना’ म्हणतात त्या किरकीच्या बाँबे सॅपर्सवरील गोरे अधिकारी याच दलातले असत. त्या दिवशीच्या संघातला हेन्री रेनी-टेल्यर हा मसुरीस जन्मलेला होता, आणि आल्फ्रेड गुडविन हा पुढे हिंदुस्थानात नोकरीवर येऊन १८७४ च्या मार्चमध्ये रुरकी येथे घोड्यावरील अपघातात, पंचविशीही न गाठता, मरण पावला. प्रतिपक्षी वाँडरर्समधील विल्यम क्रेक याचाही जन्म मद्रासचा. वाँडरर्स हा जुन्या नामांकित शाळांतील विद्यार्थ्यांचा संघ. त्यात हॅरोचे शिक्षक एडवर्ड बोवेन होते, वेस्टमिन्स्टरचा रॉबर्ट व्हिडाल होता, ज्याला चेंडू पायांत खेळवीत नेण्याच्या कौशल्याबद्दल त्या कलेचा राजपुत्र म्हणत. चार्ल्स वॉलस्टन होता. आणि कर्णधार होते खुद्द अल्कॉक.

आता मेजाभोवतीच्या त्या सात गृहस्थांकडे पुन्हा पाहू. एका संघाचे कर्णधार अल्कॉक, दुसऱ्याचे मॅरिंडिन. सरपंच आल्फ्रेड स्टेअर. दोन पंचांपैकी एक गिफर्ड. आणि वाँडरर्सच्या आघाडीवर ‘ए. एच. चेकर’ असे विचित्र नाव धारण केलेला जो गडी उभा होता तो दुसरा कोणी नसून मॉर्टन पेटो बेट्स होता. ‘हॅरो चेकर’ याचेच ते रूपांतर. आणि हॅरो चेकर्स हा, वाचकांस स्मरत असेल, पहिल्याच फेरीत याच वाँडरर्सविरुद्ध माघार घेऊन बाहेर पडलेला क्लब. एका मोसमात एकाच क्लबाकडून खेळण्याच्या कलमाला यामुळे अक्षरशः बाध येत नव्हता, कारण चेकर्स खेळलेच नव्हते. परंतु मनुष्य टोपणनाव घेतो तेव्हा त्याच्या मनात काहीतरी संकोच असावा असा तर्क केल्यावाचून राहवत नाही.

प्रवेशाला एक शिलिंग द्यावा लागे. कारागिराच्या दिवसाच्या कमाईतला मोठा घास त्यात जात असल्याने सुमारे दोन हजारच लोक जमले. नाणेफेक अल्कॉकने जिंकली आणि वारा व ऊन दोन्ही पाठीशी राहतील अशी बाजू घेतली. दहा मिनिटे होतात न होतात तोच एंजिनिअर्सचा लेफ्टनंट एडमंड क्रेसवेल धडकेने कोसळला आणि त्याचे खांद्याला जोडलेले गळ्याजवळचे हाड मोडले. बदली खेळाडू ही कल्पनाच त्या काळी नसल्याने तो बाहेर गेला असता तर संघ दहांचा झाला असता. म्हणून हा मनुष्य मोडलेल्या हाडानिशी उरलेला जवळजवळ सव्वा तास मैदानावर उभा राहिला. पराभूत संघातल्या या जखमी अधिकाऱ्याला त्या दिवशीच्या वीरांत पहिले आसन द्यावे असे मला प्रामाणिकपणे वाटते. पंधराव्या मिनिटाच्या सुमारास व्हिडाल चेंडू घेऊन गर्दीतून निघाला, त्याने बचावफळी ओढून घेतली आणि चेंडू बेट्सच्या वाट्याला आला. कोपऱ्यातून, बऱ्याच तिरक्या बाजूने, बेट्सने तो दोन खांबांमधून पार केला. चषकाच्या अंतिम सामन्यातील तो पहिला गोल, आणि त्या दिवशीचा अखेरचाही तोच. रीतीप्रमाणे बाजू बदलल्या, वारा एंजिनिअर्सच्या पाठीशी आला, परंतु त्याचा लाभ त्यांना घेता आला नाही. मध्येच अल्कॉकने एक गोल केला, पण वॉलस्टनचा हात चेंडूला लागल्याच्या कारणावरून तो रद्द ठरला. एरवी सांघिक खेळाच्या जोरावर पुढे आलेले एंजिनिअर्स त्या दिवशी वाँडरर्सच्या वेगापुढे व कौशल्यापुढे फिके पडले, यावर सर्वांचे एकमत दिसते.

हिशेब मांडला तर गंमत दिसते. वाँडरर्सना पहिल्या फेरीत प्रतिपक्षच मिळाला नाही, दुसरीत त्यांनी एक गोल केला, तिसरीत बरोबरी, उपांत्य फेरीत बरोबरी आणि प्रतिपक्षाची माघार, अंतिम सामन्यात एक गोल. संपूर्ण मोसमात दोन विजय व दोन गोल, एवढ्या भांडवलावर राष्ट्रीय चषक त्यांच्या घरी गेला. ठराव मांडणारा, नियमांचा मसुदा करणारा, समितीचा चिटणीस, सामन्यांचे वृत्तांत जेथे छापले जात त्या कचेरीतला पत्रकार, ज्या मैदानावर अंतिम सामना झाला त्या मैदानाचा कारभारी आणि विजयी संघाचा कर्णधार ही सर्व एकच व्यक्ती होती, ही गोष्ट आज घडली असती तर वर्तमानपत्रांनी किती रकाने भरले असते याची कल्पना करवत नाही. त्या वेळी कोणी हरकत घेतल्याचे दिसत नाही. मला त्यात लबाडीपेक्षा माणसांची टंचाई अधिक दिसते : झाडलोट करणारा, वर्गणी मागणारा आणि नाटकात राजाचे काम करणारा एकच असतो, ही प्रत्येक मंडळाच्या पहिल्या वर्षाची हकीकत आहे.

चषक त्याच दिवशी मैदानावर दिला गेला नाही. ११ एप्रिल रोजी वाँडरर्सचा वार्षिक भोजनसमारंभ झाला, तेथे असोसिएशनचे अध्यक्ष एबेनेझर कॉब मोर्ले यांच्या हस्ते तो अल्कॉकना देण्यात आला. स्थळ होते पॉल मॉल रेस्टॉरंट, म्हणजे चौदा-पंधरा महिन्यांपूर्वी रग्बी पंथाने जेथे आपले वेगळे घर मांडले तीच वास्तू.

पुढील वर्षी नियमाप्रमाणे वाँडरर्स थेट अंतिम सामन्यात बसले, ऑक्सफर्ड विद्यापीठाशी एकच सामना खेळून २-० असे जिंकले, आणि मानकऱ्याने घरी बसून आव्हान स्वीकारण्याची ती पद्धत तेवढ्यावरच बंद करण्यात आली. चषकाच्या नावातील ‘चॅलेंज’ हा शब्द मात्र त्या मोडीत निघालेल्या कलमाची खूण म्हणून राहिला. एंजिनिअर्सनी १८७५ साली चषक जिंकून पहिल्या वर्षाचे उट्टे काढले. मॅरिंडिन १८७४ पासून सोळा वर्षे असोसिएशनचे अध्यक्ष होते. १८७६, ७७ व ७८ अशी लागोपाठ तीन वर्षे जिंकून वाँडरर्सनी चषक कायमचा आपलासा केला, परंतु यापुढे तो कोणासही कायमचा मिळू नये अशी अट घालून त्यांनी तो असोसिएशनला परत केला. संस्थापकांच्या संघाने केलेल्या साऱ्या गोष्टींत मला ही सर्वांत मोठी वाटते.

त्या नमुन्याची बीजे पलटणींबरोबर हिंदुस्थानात आली. १८८८ साली सिमल्याच्या अ‍ॅनंडेल मैदानावर सर मॉर्टिमर ड्युरँड यांच्या नावाचा चषक सुरू झाला; १८९१ साली मुंबईत रोव्हर्स चषकाचा पहिला मान वूस्टरशर पलटणीने मिळविला, आणि त्यानंतर पलटणींमागून पलटणी तो नेत राहिल्या. १९११ च्या २९ जुलैस कलकत्त्यात मोहन बागानच्या गड्यांनी ईस्ट यॉर्कशर पलटणीला २-१ असे नमवून आय. एफ. ए. शील्ड घेतली, मुंबईच्या रोव्हर्स चषकावर हिंदी नागरिकांच्या संघाचे, बेंगलोर मुस्लिम्सचे, नाव कोरले जाण्यास मात्र १९३७ साल उजाडावे लागले. ज्यांनी हे चषक आणले त्यांना ते मुख्यतः छावणीतल्या फावल्या वेळाची सोय म्हणून हवे होते. पुढे त्यांचे काय झाले हे कूपरेजवर हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते ५४ अशी पाच वर्षे रोव्हर्स चषक राखला तेव्हा दिसले.

मूळ वीस पौंडांच्या चषकाचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. १८९५ साली तो बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन व्हिला क्लबाने जिंकला होता. विल्यम शिलकॉक नावाच्या, फुटबॉलचे सामान विकणाऱ्या व्यापाऱ्याने तो प्रदर्शनासाठी आपल्या दुकानाच्या काचेत मांडण्यास मागून घेतला आणि ११ सप्टेंबरच्या रात्री तो चोरीस गेला. पोलिसांच्या तपासातून काही हाती लागले नाही. असोसिएशनने व्हिलाला पंचवीस पौंड दंड केला व त्या रकमेतून तसाच दुसरा चषक करवून घेतला. तो घडविला बर्मिंगहॅमच्या व्हॉटन पेढीने. आणि त्या पेढीचा हॉवर्ड व्हॉटन हा स्वतः १८८७ साली व्हिलाकडून खेळून चोरीस गेलेला तो पहिला चषक जिंकलेला, त्यामुळे त्याचा आकार त्याला चांगला ठाऊक होता.